सहा खोल्यांची शाळा

वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे आणि त्या स्तंभाचा पाया खेड्यापाड्यांतल्या वार्ताहरांनी आपल्या घामाने रचलेला आहे. हे वाक्य मी बारामतीत, पत्रकारांच्या एका मेळाव्यात ऐकलं. बोलणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात भलामोठा हार होता आणि त्याच्या वजनाने वाक्यालाही वजन आलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मोहितेनेही वाजवल्या. मग माझ्या कानाशी वाकून तो म्हणाला, "अण्णा, चौथा म्हंजी आपला शहाच की. त्याची कायम पुसट यायची."

हा विनोद जगात चौघांनाच कळला असता आणि त्यांतले दोघे तोवर वारले होते. म्हणून समजावून सांगणं भाग आहे.

नव्वदच्या दशकात इंदापुरात आम्ही चार वार्ताहर होतो, चार वेगवेगळ्या दैनिकांचे. त्यावर पोट कुणाचंच नव्हतं. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, मोहिते पेपरांचा एजंट होता, शहाचं किराणा दुकान होतं आणि काझी घड्याळं दुरुस्त करायचा. आमची दैनिकं एकमेकांची कट्टर स्पर्धक होती. आम्ही नव्हतो. बातमीला कुणीतरी एकानेच जायचं, कागदांच्या मध्ये तीन कार्बन घालायचे, बॉलपेन दाबून लिहायचं आणि चार पाकिटं करायची. वरची प्रत लिहिणाऱ्याची. सगळ्यात खालची, चौथी, शहाची, कारण त्याच्या पेपरचा खप तालुक्यात सगळ्यात कमी होता आणि शहा तक्रारही सगळ्यात कमी करायचा. पाकिटावर 'प्रेस मॅटर, अर्जंट' असं लिहून ती दुपारी दोनच्या पुण्याच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केली की स्वारगेटला ज्याचा त्याचा माणूस येऊन उचलत असे. नियम एकच होता. पहिलं वाक्य ज्याने त्याने आपलं आपण बदलायचं. माझी बातमी 'इंदापूर तालुक्यात' अशी सुरू झाली, तर मोहितेची 'आज दुपारी' अशी. एवढ्याने बातमी स्वतःची होते, असं आम्ही मानत होतो.

दोनची एसटी कुणासाठी थांबत नसे. त्यामुळे जे होणारच आहे त्याची बातमी आम्ही आदल्या दिवशी लिहून ठेवायचो. उद्घाटन 'मान्यवरांच्या उपस्थितीत' व्हायचं, सभा 'खेळीमेळीच्या वातावरणात' पार पडायची आणि परीक्षा 'शांततेत' सुरू व्हायच्या. कुणी कधी तक्रार केल्याचं आठवत नाही.

मार्च आला की हे सगळं वर येतं. आता मी बारामतीत मुलाकडे राहतो. कडुलिंबाचा मोहोर गच्चीवर पडतो, रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत जातात, मागे उसाचे तुकडे आणि पाचट सांडत जातात. कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास घरात शिरतो आणि सून खिडक्या लावते. खालच्या मजल्यावरची मुलगी इतिहासाच्या सनावळ्या मोठ्याने पाठ करत असते. तिचा आवाज थांबला की मला काळजी वाटते. वास्तविक ती पाणी प्यायला उठलेली असते.

पुण्याच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा उपसंपादकाने मान वर न करता विचारलं होतं, "कॉपी आणलीय का?" मी चपापलो. आमच्याकडे या शब्दाचा एकच अर्थ होता आणि तो मार्च महिन्यात खिडकीतून आत जात असे. मग कळलं की बातमी लिहिलेला कागद म्हणजे कॉपी. जिन्यात वितरणाचा माणूस भेटला. तो म्हणाला, तुमच्या मागच्या बातमीला तिकडे बऱ्याच कॉप्या जास्त गेल्या. इथे कॉपी म्हणजे अंक. आणि त्या अंकातल्या बातमीत कॉपी होती ती पोराच्या बाहीतली चिठ्ठी. एकच शब्द, वरच्या मजल्यावर अब्रूचा, जिन्यात धंद्याचा आणि छापून आला की गुन्ह्याचा. आमच्या कार्बनखालच्या कागदाला मात्र आम्ही कधी कॉपी म्हटलं नाही. त्याला आम्ही 'प्रत' म्हणायचो. मराठी शब्द वापरला की काम जरा सोवळ्यातलं वाटतं.

निरवांगीच्या पुढे, नीरेच्या अंगाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं. निम्मं गाव पूर्वी मेंढरं राखणारं, दिवाळी सरली की कोकणाच्या वाटेला लागणारं. नदीचं पाणी उपसायला लागले तसे लोक जमिनीला चिकटले, ऊस लावू लागले, आणि गावात हायस्कूल आलं. दहावीच्या परीक्षेला मात्र परगावी जावं लागे. मुलगे जात. मुली नववीनंतर घरी बसत. मुख्याध्यापक गावडे सरांनी कित्येक वर्षं अर्ज करून करून शेवटी गावात परीक्षेचं उपकेंद्र आणलं.

त्या पहिल्या मार्चमध्ये, पहिल्या पेपरला, मी मोहितेची लुना घेऊन तिथे गेलो. पाळी माझी होती. पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. शाळेच्या फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. खाली फोडलेल्या नारळाची शेंडी पडली होती. कुंपणाभोवती सगळं गाव जमलं होतं. बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या, म्हातारे पागोटी सावरत उकिडवे बसलेले. एक आजी सगळ्यांना विचारत होती, "परीक्षा कुठल्या खोलीत बसीवलीया?" जणू घट बसवले होते.

मी समोरच्या हॉटेलात बाकावर बसलो. हॉटेलवाल्याने न मागता चहा ठेवला. "घ्या पत्रकार. आमच्या गावाला परीक्षा आली."

मागच्या बाजूने एक हात खिडकीतून आत गेलेला मला दिसला. हातात काय होतं ते दिसलं नाही. तेवढ्यात गावडे सर बाहेर आले. कपाळावर घाम, हातात घडी केलेले दोन कागद. ते स्वतःहून म्हणाले, "दोन पोरं धरली आत्ता. कागद जप्त केले, अहवाल लिहून ठेवलाय. तुम्हाला लपवून ठेवायचं नाही, अण्णा. पहिलंच वर्ष आहे, शिस्त लागेल."

कागद मी ओळखले. खिशात मावणाऱ्या छोट्या गाईडची पानं होती. गाईड माझ्याच दुकानात मिळायचं.

इतर केंद्रांवर विचारलं की 'सगळं शांततेत आहे' असं उत्तर मिळे आणि मी ते तसंच लिहीत असे. इतक्या वर्षांत स्वतःच्या तोंडाने सांगणारा हा एकच मुख्याध्यापक निघाला, म्हणून बातमी त्याची झाली. एसटीला दीड तास होता, त्यात परतीचा रस्ता. मी कार्बन घातले. समोर शाळेची सहा दारं दिसत होती. गर्दी होती, हात होता, दोन कागद होते. 'सहाही खोल्यांमध्ये सर्रास सामूहिक कॉपी सुरू होती,' असं मी लिहिलं. 'सर्रास' आणि 'सामूहिक' हे शब्द लिहिताना हाताला काही जाणवलं नाही. बॉलपेन मात्र नीट दाबला, शहाच्या प्रतीसाठी.

तिसऱ्या दिवशी चारही पेपरांत ती आली. पहिली वाक्यं चार तऱ्हेची होती. मोहितेच्या पेपरने तर 'आमच्या खास वार्ताहराकडून' म्हटलं होतं. मथळा माझ्या पेपरचा सगळ्यात ठसठशीत होता, 'कॉपीबहाद्दरांचा सुळसुळाट'. मराठी वृत्तपत्रांत सुळसुळाट फक्त उंदरांचा, चोरांचा आणि विद्यार्थ्यांचा होतो. उपसंपादकाचा फोन आला, "कॉपी स्वच्छ होती." मला बरं वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर गावडे सर दुकानात आले. मला वाटलं वह्यांची ऑर्डर असेल. त्यांनी पिशवीतून एक फाइल काढून काउंटरवर ठेवली. वर परीक्षा मंडळाचं एक पत्र होतं. 'विविध वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या वृत्तांची दखल घेऊन' उपकेंद्र रद्द केलं होतं. खाली फुलस्केपवर चार कात्रणं, डिंकाने नीट चिकटवलेली.

सर मराठी शिकवायचे. आवाज चढवला नाही. म्हणाले, "अण्णा, पेपर तपासताना दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं, तर आम्ही काही म्हणत नाही. बरोबर उत्तर सारखंच असतं. चूक सारखी आली, की समजायचं."

मी कात्रणं एकेक करून पुन्हा वाचली.

"चारही ठिकाणी सहा खोल्या आहेत," सर म्हणाले. "शाळेला खोल्या चार. एक दार ऑफिसचं आणि एक सामानाच्या कोठीचं."

त्यांनी मला चोर म्हटलं नाही. फाइल बांधली, जाताना खडूचा एक डबा विकत घेतला. तो मी फुकट देऊ केला, ते ऐकल्यासारखंही त्यांनी दाखवलं नाही.

त्या दिवसापासून 'विविध' हा शब्द मला वाचवत नाही. विविध वृत्तपत्रं, विविध मान्यवर, विविध स्तरांतून. कुठेही दिसला की मी त्याच्या खाली कार्बन आहे का ते बघतो.

श्रावणात त्याच गावचे बिरू तात्या दुकानात आले. पूर्वीचे मेंढके, आता दीड एकर ऊस आणि दारात हौसेपुरती पाचसहा मेंढरं. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्यांची शोभा त्या वर्षी दहावीत गेली होती. त्यांच्या घरातली दहावीपर्यंत आलेली पहिली पोर.

"तुमीच का ते पेपरवालं?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"व्हय तात्या, या. बसा."

"बसत न्हाय. इचारायला आलोय. तुमी चौघांनी बगितलं म्हनं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी गुळमुळीत असणार, कारण तात्याच पुढे बोलू लागले. "गावातच परीक्षा हाय म्हनून माज्या थोरल्या भावानं व्हय म्हनलं. आता परीक्षा लासुर्ण्याच्या अंगाला धाडलीया. दोन येस्ट्या बदलायच्या. भाऊ म्हनतोय, झालं शिकून, लग्नाला जागा बगितलीय. म्या म्हनलं, चार पेपरात आलंय म्हंजी चार मानसं गेली असतील. पन हाटेलवाला म्हनतोय, एकच आला हुता, लुनावर."

"एकच होता," मी म्हणालो. "मीच होतो."

तात्यांनी मान हलवली. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी काठी पायरीवर आडवी धरली, गुडघ्याइतकी उंच. "मेंढरं वाड्यात घेताना अशी काठी धरायची. पयलं मेंढरू उडी मारतं. मग काठी काडून घेतली तरी मागची समदी तितंच उडी मारत्यात. काय न्हाय तितं, तरी बी. बगितलंय का कधी?"

"नाही."

"बगा एकदा," तात्या म्हणाले. "तुमच्या कामाचं हाय."

दुकानात वह्या घ्यायला आलेली दोन माणसं हसली. तात्या हसले नाहीत. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "ज्या हातानं लिवलं, त्या हातानं खोडता येतंय का न्हाय?"

त्या प्रश्नाची वृत्तपत्रातली सोय म्हणजे खुलासा. संध्याकाळी आम्ही चौघे काझीच्या दुकानात जमलो. आजूबाजूला घड्याळं आपापली वेळ दाखवत होती. मी म्हणालो, खुलासा लिहितो, चार प्रती करू.

काझी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला, "छापणार कोण?" मोहिते खरं ते बोलला. "अण्णा, एक जण चुकला तर खुलासा. चौघं एकदम चुकलो म्हणलं, तर लोक इचारतील ना, चौघं एकदम चुकत्यात कसं?"

"मग सांगू कसं ते."

"तुमचं दुकान हाय. माझी एजन्सी हाय. शहाचं ठीक हाय, त्याचं कुणी वाचतच न्हाय."

शहाही हसला. नंतर म्हणाला, "माझ्या पेपरात पाठवतो की मी." पाठवलाही असेल. छापून आला नाही.

मी खुलासा लिहिला, कार्बन न घालता. सवय अशी, की एकाच कागदावर लिहिताना हात हलका पडेना. मागच्या बाजूला अक्षरं उठली. तीन आठवड्यांनी तो आतल्या पानावर आला, बाजारभावांच्या खाली, चार ओळींत. 'सहा'ऐवजी 'चार' खोल्या वाचाव्यात, एवढंच त्यात शिल्लक होतं. 'सर्रास' आणि 'सामूहिक' मी मागे घेतले होते ते जागेअभावी कापले गेले. म्हणजे वाचणाऱ्याला कळलं ते असं, की कॉपी सर्रासच होती, फक्त कमी खोल्यांत.

तरीही गावडे सरांनी ते कात्रण अर्जाला जोडून वर पाठवलं. उत्तर आलं, एका वृत्तपत्रातील खुलाशावरून निर्णयाचा फेरविचार करता येत नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्यात तर्काची चूक काढता येईना. चार विरुद्ध एक. आम्हीच शिकवलेलं गणित होतं.

दिवाळीनंतर शोभाचा फॉर्म भरला गेला. तात्यांनी भावाशी भांडून भरला. माझी धाकटी बहीण लासुर्ण्यालाच दिलेली आहे. परीक्षेपुरती शोभा तिच्याकडे राहील, अशी मी व्यवस्था केली. बहिणीने खोली सारवून ठेवली. निरोप घेऊन मी स्वतः गावात गेलो. शोभाला तेव्हाच पाहिलं. दोन वेण्या, वर रिबिनी, ओट्यावर बसून भूमितीचं प्रमेय लिहीत होती. तिने वही मिटून मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तितं झडती घेत्यात म्हनं, खरं हाय का? आमच्या गावची पोरं निराळी काडून?"

"कोण म्हणतं?"

"समदीच म्हनत्यात. पेपरात आल्यापासनं."

मी म्हणालो, तसं काही नसतं. पेपरवाल्याने तसं काही नसतं म्हणणं आणि तिने ते ऐकून घेणं, दोन्ही फार वेळ टिकलं नाही. ती आत गेली. तात्या म्हणाले, "बगू." देशावर 'बगू' म्हणजे हो की नाही, हे माझ्या वयाच्या माणसाला कळायला हवं होतं. मी ते हो धरलं.

मार्च आला. पहिल्या पेपराच्या दिवशी सकाळीच पाकिटं मोहितेकडे देऊन मी लासुर्ण्याकडच्या त्या केंद्रावर गेलो. बातमीसाठी नव्हे. त्या दिवशी बातमीसाठी कुणी जाणारही नव्हतं. बहीण म्हणाली, पोरगी आदल्या दिवशी आली नाही. म्हटलं, परस्पर येईल. फाटकाशी उभा राहिलो. पोरं आली, पॅड बगलेत, एकमेकांना शेवटचं विचारत. त्या गावचे मुलगे आले. मुलींमधल्या दोघी आल्या, आपल्या मामांबरोबर. अकराची घंटा झाली. फाटक बंद करताना शिपायाने मला विचारलं, "कुणाची वाट बगताय?" मी रस्त्याकडे बोट केलं. रस्त्यावर एक ट्रॉली ऊस घेऊन चालली होती, इतकी हळू, की तिच्या मागे एसटी असेल असं खूप वेळ वाटत राहिलं.

वैशाखात बिरू तात्या पुन्हा पायरीवर आले. पत्रिका द्यायला. ती त्यांनी दोन्ही हातांनी दिली. शोभा सोळाची होती. पत्रिकेवर वय लिहायची पद्धत नाही.

"भाऊ म्हनला, काप्या करनाऱ्या गावची म्हनून पुरुष मानसानं झडती घेतली तर इज्जत कुनाची जाईल," तात्या म्हणाले. "म्या उत्तर शोदलं. न्हाय घावलं." मग काठी टेकत म्हणाले, "तुमच्या भैनीला सांगा, खोली सारवली, तिला काय बोल न्हाय."

लग्नाला मी गेलो. अक्षता टाकल्या. गावडे सरही होते. आम्ही एकाच पंगतीत जेवलो आणि उसाच्या भावाबद्दल बोललो.

आता इथे रोज दोन पेपर येतात. काल दोन्हींत परीक्षेची बातमी होती, शब्द न् शब्द सारखी. पहिलं वाक्यही कुणी बदललेलं नव्हतं. आमच्या वेळी तेवढी लाज होती, असं म्हणायचा मोह झाला. मग कपाटातून जुनी फाइल काढली. आमच्या बातम्यांची कात्रणं मी जपून ठेवली आहेत.

त्या दुसऱ्या मार्चची बातमी त्यात आहे. सकाळी मोहितेकडे दिलेल्या पाकिटांतली, दरवर्षीप्रमाणे मी आदल्या दिवशी, चार कागद आणि तीन कार्बन घालून लिहिलेली. 'तालुक्यातील सर्व केंद्रांवर दहावीची परीक्षा शांततेत सुरू झाली. सर्व परीक्षार्थी वेळेवर हजर होते.' चारही पेपरांत आली होती. तिचा खुलासा कुणी मागितला नाही.